बगळ्याचा पांढरा, निखाराचा लाल

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावात, थंडीच्या दिवसांत सकाळी होड्या निघतात. एका होडीत पाच जण, प्रत्येकाच्या हातात लांबलचक लेन्स, आणि समोर उथळ पाण्यात उभा असलेला एकच मोठा बगळा. होडी काठाला लागल्यावर ते पाच कॅमेरे शेजारी-शेजारी ठेवून पाहा. बगळे पाच निघतात. एक राखाडी, एक पिवळट, एक निळसर, एक बरा, आणि पाचवा म्हणजे पाण्यावर कापून चिकटवलेला कोरा कागद. बगळा तोच होता, ऊनही तेच होते, आणि महागडा कॅमेरा वापरणाऱ्याचाच फोटो चांगला आला असेल अशी काही खात्री नाही.

लेन्सची निवड आणि फोकस यांबद्दल आपण मागे बोललो. आता एक्स्पोजर आणि रंग. या दोन गोष्टींसाठी तयार तक्ते मिळतात: बगळ्याला इतके, खंड्याला तितके, आकाशातल्या घारीला अमुक. असे तक्ते पहिला ढग येईपर्यंतच उपयोगी पडतात, म्हणून येथे तक्ता देत नाही. त्याऐवजी एक क्रम सांगतो. पक्ष्याच्या अंगावर जी सर्वांत उजळ पिसे आहेत ती आधी वाचवायची, मग रंगाकडे बघायचे. काळोखी बाजू, पार्श्वभूमी, सकाळचा सोनेरीपणा हे सगळे नंतर घरी बसून बऱ्याच अंशी सुधारता येते. जळालेले पांढरे पीस कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही, कारण तिथे काही नोंदवलेलेच नसते.

कॅमेऱ्यातला मीटर काय करतो हे एकदा नीट समजून घेऊ. पक्ष्यावर किती प्रकाश पडतो आहे हे त्याला मोजता येत नाही. पक्ष्यावरून, पाण्यावरून आणि झाडावरून परत किती प्रकाश येतो आहे, तेवढेच त्याला कळते. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण 18 टक्के परत फेकते आहे, असे धरून तो हिशेब मांडतो. रस्ता, गवत, माणसांची गर्दी यांना हा हिशेब चालून जातो. बगळ्याची पिसे मात्र 80-90 टक्के प्रकाश परत फेकतात. मध्यम करड्यापेक्षा हे सव्वादोन स्टॉप उजळ झाले. (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा.) दुसऱ्या टोकाला पाणकावळा आणि कोतवाल. चौकट भरून बगळा घेतला तर मीटर त्याला दाबून करडा करतो, चौकट भरून पाणकावळा घेतला तर त्यालाही उजळून करडाच करतो.

एवढे ऐकल्यावर बहुतेकांच्या डोक्यात एक नियम तयार होतो: पांढऱ्या पक्ष्याला प्लस, काळ्याला मायनस. पुस्तकांतही तो सापडतो. माझ्या मते नवशिक्यांचे जितके बगळे या नियमाने जाळले असतील, तितके दुसऱ्या कशाने जाळले नसतील. कारण चौकट भरून बगळा मिळतो कुणाला? प्रत्यक्षात तो चौकटीचा दहावा हिस्सा व्यापतो, उरलेले नऊ हिस्से पार्श्वभूमीचे. मीटरचे मत ठरवते ती पार्श्वभूमी. बगळा जर बाभळीच्या गर्द सावलीपुढे उन्हात उभा असेल, तर मीटरला समोर अंधारच अंधार दिसतो, तो एक्स्पोजर वाढवतो, आणि त्या वाढीत बगळा होरपळतो. येथे प्लस नव्हे, एक ते दीड स्टॉप मायनस हवे. तोच बगळा पावसाळी पांढुरक्या आभाळापुढून उडत गेला की हिशेब उलटतो. आता मीटर आभाळाला करडे करायला बघतो, आणि बगळ्याची पोटाची बाजू काळवंडते. येथे प्लस. कोतवाल तारेवर बसला असेल आणि मागे आभाळ असेल, तर दीड-दोन स्टॉप प्लस द्यायला घाबरू नका. मागचे ढगाळ आभाळ जळेल. जळू द्या. जूनमधले पांढरे आभाळ वाचवून त्याचे करायचे काय? कोतवालाच्या अंगावरची निळसर झाक मात्र वाचवण्यासारखी असते.

1983 साली निकॉनने एफए या कॅमेऱ्यात चौकटीचे तुकडे पाडून मोजणारा मीटर पहिल्यांदा आणला. आज त्याच कल्पनेची पुढची रूपे प्रत्येक कॅमेऱ्यात आहेत आणि ती खरोखरच हुशार झाली आहेत. काही कॅमेऱ्यांत उजळ भाग जळू नये याला प्राधान्य देणारे मीटरिंग असते. निकॉनने ते 2014 च्या डी810 पासून दिले, आणि काळोख्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या पक्ष्यासाठी ते उत्तम काम करते. मात्र मागे आभाळाचा चमकता तुकडा असेल, तर ते त्या आभाळालाही तितक्याच निष्ठेने जपते आणि पक्षी काळोखात जातो. पक्ष्याचा डोळा शोधणारा ऑटोफोकस आता स्वस्त कॅमेऱ्यांतही आला आहे. डोळा सापडला म्हणजे एक्स्पोजरही बरोबर आले, असे समजू नये.

या सगळ्यातून सुटायचा जुना आणि सोपा मार्ग म्हणजे मीटरला विचारायचेच नाही. सूर्य आपल्या पाठीशी आहे, आभाळ निरभ्र आहे, बगळा पाण्यावरून उठतो, हिरव्या काठापुढून जातो, मग आभाळात चढतो. या तीन-चार सेकंदांत मीटरचे मत तीनदा बदलते. बगळ्याच्या अंगावरचे ऊन मात्र तसूभरही बदललेले नसते. मग एक्स्पोजर कशाला बदलायचे? मॅन्युअल मोड लावायचा, त्या उन्हाला योग्य आकडे एकदा ठरवायचे, आणि नंतर फक्त पक्ष्यावर लक्ष ठेवायचे. आकडे कसे ठरवायचे याचे सूत्र फिल्मच्या डब्यांबरोबर येणाऱ्या कागदावर छापलेले असायचे: लख्ख उन्हात ॲपर्चर एफ/16, आणि शटर स्पीड फिल्मच्या आयएसओइतका. आयएसओ 400 असेल तर 1/400.

एफ/16 आणि 1/400 ने उडता पक्षी टिपता येत नाही, म्हणून हे बदलून घेऊ. आपली लेन्स लांब टोकाला एफ/6.3 पर्यंत उघडते, असे धरू. एफ/16 पासून एफ/6.3 पर्यंत पावणेतीन स्टॉपच्या आसपास प्रकाश वाढतो, म्हणून शटर तेवढाच वेगवान करायचा: 1/2500. हे झाले मध्यम रंगाच्या पक्ष्यासाठी, राखी बगळा किंवा चक्रवाकासाठी. मोठा बगळा पांढरा, त्याच्या पाठीवर ऊन थेट चमकते, म्हणून दोन तृतीयांश स्टॉप कमी: 1/4000. आता वेळ बघा. डिसेंबरात सकाळी आठला सूर्य खाली असतो आणि ऊन दुपारच्या मानाने साधारण एक स्टॉप मंद असते. म्हणजे शटर निम्मा: 1/2000. तर आठ वाजता भिगवणच्या पाण्यावर पांढऱ्या पक्ष्यासाठी एफ/6.3, 1/2000, आयएसओ 400. दहा वाजले की त्याच आकड्यांतला आयएसओ 200 करा. हे आकडे पाठ करायचे नाहीत, ते कसे निघाले तेवढे लक्षात ठेवायचे. दोन-तीन सकाळी हा हिशेब केला की तो बोटांत बसतो.

अर्थात ऊन पाठीशी असेपर्यंतच हे खरे. पक्षी वळसा घालून सूर्याच्या बाजूला गेला की त्याची आपल्याकडची बाजू सावलीत जाते, आणि तिथे दीड-दोन स्टॉप जास्त लागतात. अशा वेळी मी फोटो काढायचे थांबवतो. तुम्हाला सोनेरी कडा असलेली छायाकृती हवी असेल तर जरूर काढा. आणि ढग येत-जात असतील, किंवा जंगलात एका फांदीवर ऊन आणि दुसरीवर अंधार असेल, तर पूर्ण मॅन्युअलचा हट्ट धरू नये. मॅन्युअलमध्ये शटर आणि ॲपर्चर आपण ठरवायचे आणि आयएसओ ऑटोवर सोडायचा, ही आजची सोयीची वाट आहे. पण लक्षात घ्या, आयएसओ ऑटो केला म्हणजे निर्णय पुन्हा मीटरच्या हाती गेला. प्लस-मायनसची चकती मग अंगठ्याखालीच हवी.

पांढऱ्याला वाचवा, हे सूत्र डिजिटलने शोधलेले नाही. 1940 च्या सुमारास अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी झोन सिस्टीम मांडली. समोरची अमुक छटा छायाचित्रात किती उजळ दिसावी हे छायाचित्रकाराने आधी ठरवायचे आणि त्याप्रमाणे एक्स्पोजर द्यायचे, हा तिचा गाभा. कृष्णधवल निगेटिव्हसाठी ते सावल्यांना धरून एक्स्पोजर देत, कारण निगेटिव्हमध्ये हरवतात त्या सावल्या. रंगीत स्लाइड फिल्म मात्र उलट वागायची. कोडाक्रोम 64 वर काम करणाऱ्याला अर्ध्या स्टॉपची चूकही महागात पडे, आणि ती चूक उजळ बाजूला झाली तर स्लाइड टाकून द्यावी लागे. डिजिटल सेन्सर या बाबतीत स्लाइडच्या कुळातला आहे. सावलीत तो बराच सोशिक असतो. उजेडाची हद्द ओलांडली की मात्र त्याची नोंद तिथल्या तिथे थांबते.

म्हणून काळा-पांढरा पक्षी समोर आला की गोंधळायचे कारण नाही. शेकाट्या, दयाळ, कवड्या धीवर, मलबारी कवड्या धनेश या सगळ्यांना एकच उपाय: पांढऱ्याला धरून एक्स्पोजर द्या, काळा नंतर उचला. रॉ फाइलमध्ये काळ्या पिसांतून दोन स्टॉपपर्यंत तपशील सहज निघतो. जेपेगमध्ये निघत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याने रॉ वापरावे की नाही, यावर अजूनही वाद घालणारे लोक भेटतात. बातमीदाराला जेपेगची घाई असते, ती समजू शकतो. ज्याला घाई नाही त्याने रॉ वापरावे, आणि मेमरी कार्ड भरते म्हणून तक्रार करू नये.

आता कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या हिस्टोग्रामकडे. फोटो काढल्यावर जो डोंगरासारखा आलेख दिसतो, त्याची उजवी कड म्हणजे उजेडाची हद्द. आलेख कडेला आपटला की काहीतरी जळले. हे सगळ्यांना ठाऊक असते. सहसा ठाऊक नसते ते असे की, तुम्ही रॉमध्ये फोटो काढत असलात तरी कॅमेरा हा आलेख स्वतः बनवलेल्या छोट्या जेपेगवरून काढतो. त्या जेपेगवर तुमचा व्हाइट बॅलन्स, तुमची पिक्चर स्टाईल, तुमचा कॉन्ट्रास्ट या सगळ्यांचा परिणाम झालेला असतो. पिक्चर स्टाईल भडक ठेवली असेल तर आलेख खोटाच घाबरवतो, आणि तुम्ही उगीच एक स्टॉप कमी देऊन सावल्यांत कुरकुरीत दाणे पेरता. यावर उपाय सोपा. पिक्चर स्टाईल न्यूट्रल किंवा फ्लॅट ठेवा आणि कॉन्ट्रास्ट खाली आणा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मग जरा निस्तेज दिसतील, त्याची सवय होते. आलेख मात्र रॉच्या पुष्कळ जवळ येतो.

याच्या पुढचा भाग लाल पक्ष्यांचा, आणि येथे अनुभवी लोकही फसतात. कॅमेऱ्यात आलेख दोन प्रकारचे मिळतात. एक एकच पांढरा डोंगर दाखवतो, दुसरा लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे. एकट्या डोंगराचा हिशेब हिरव्याकडे झुकलेला असतो, कारण माणसाच्या डोळ्याला उजेडाची जाणीव हिरव्यातून जास्त होते. त्या हिशेबात हिरव्याचा वाटा निम्म्याहून अधिक धरला जातो, आणि लालचा एक तृतीयांशापेक्षा कमी. निखाराचा नर सकाळच्या उन्हात फांदीवर येऊन बसला, त्याचे पोट केशरी-लाल पेटलेले, तर लाल वाहिनी भिंतीला आपटलेली असते आणि एकटा डोंगर सांगत असतो की सगळे ठीक आहे. घरी येऊन बघावे तर पोटावर पिसे नाहीत, नुसता लाल डाग. भिगवणचे रोहित उडतात तेव्हाही हेच होते. उभा रोहित फिकट गुलाबी, त्याला धरून एक्स्पोजर दिलेले असते. पंख उघडले की आतला किरमिजी लाल बाहेर येतो. म्हणून तीन वाहिन्यांचा आलेख चालू ठेवा, आणि लाल-केशरी पक्ष्याला एक ते दोन तृतीयांश स्टॉप कमी द्या.

त्यातही एक बारकावा आहे. बहुतेक सेन्सरांवर बायर जाळी असते. कोडाकच्या ब्राइस बायर यांनी ती योजली, तिचे पेटंट 1976 चे. तिच्यात निम्मे चौकोन हिरवे, पाव लाल, पाव निळे. सूर्यप्रकाशात लाल चौकोनांची नोंद हिरव्यांपेक्षा बरीच कमी भरते, म्हणून रंग जुळवताना कॅमेरा लाल आकड्यांना गुणून मोठे करतो. व्हाइट बॅलन्स 'क्लाउडी' किंवा 'शेड' वर असेल तर आणखी मोठे. लाल जळतो तो बहुधा या गुणाकारात. म्हणजे रॉ फाइलमध्ये निखाराचा लाल बऱ्याचदा शाबूत असतो आणि जेपेगमध्ये मेलेला. असा फोटो उघडल्यावर आधी एक्स्पोजर खाली ओढण्याऐवजी लाल रंगाचा भडकपणा आणि उजळपणा दोन्ही थोडे कमी करून बघा. पिसांच्या कडा परत दिसू लागतात. पडद्यावर जो रंग मावतच नाही, तो कोंबण्याच्या नादात पिसे हरवलेली असतात.

व्हाइट बॅलन्सबद्दल रॉवाले म्हणतात, त्याची काय चिंता, नंतर बदलता येतो. ते बरोबर आहे, फाइलमध्ये ती केवळ एक नोंद असते. तरीही ऑटोवर ठेवू नका, असे मी सांगेन. ऑटो व्हाइट बॅलन्सचे काम प्रकाशातला रंग काढून टाकण्याचे. सकाळी साडेसातच्या उन्हात जो पिवळा उबदारपणा असतो, ज्यासाठी माणूस पुण्याहून पहाटे चारला निघतो, तो ऑटोला दोष वाटतो. शिवाय पक्षी हिरव्यापुढून आभाळापुढे गेला की ऑटोचे मतही बदलते, आणि एकाच उड्डाणाच्या वीस फोटोंत वीस छटा मिळतात. 'डेलाइट' वर ठेवा, म्हणजे सुमारे 5200 ते 5500 केल्विन. सकाळ सकाळसारखी दिसेल, आणि बदल करायचा झाला तर सगळ्या फोटोंना एकाच वेळी करता येईल.

मात्र फोटो सुंदर दिसण्यासाठी हवा की पक्षी ओळखण्यासाठी, हे आपल्याशी स्पष्ट असावे. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर संध्याकाळी साडेपाचला काढलेला प्रत्येक चंडोल तांबूस दिसतो. चंडोल, तिरचिमण्या, लहान वटवटे, शिकारी पक्ष्यांची पिल्ले यांची ओळख तपकिरीच्या छटांवर बरीच अवलंबून असते, आणि उबदार उन्हाने रंगलेला फोटो जाणकारालाही चकवतो. ओळखीसाठी फोटो पाठवताना त्यातला पिवळा कमी करून पाठवा. रंग भडक करून तर मुळीच पाठवू नका. मोठा रोहित फिकट, छोटा रोहित गडद गुलाबी. ठाण्याच्या खाडीत दोन्ही असतात. सॅच्युरेशनची पट्टी थोडी उजवीकडे सरकली की मोठ्याचा छोटा होतो. चोच नीट दिसत असेल तर ठीक, दूरवरच्या थव्यात ती दिसत नाही.

सह्याद्रीतल्या झाडीत अडचण वेगळी. सिंहगडाच्या पायथ्याच्या खोऱ्यात उन्हाळ्यात स्वर्गीय नर्तक पाण्यावर येतो. पांढरा नर, त्याची फुटभर लांब शेपटी, वर दाट पानांचे छत. त्या छतातून येणारा प्रकाश पानांत गाळून आलेला असतो, आणि सावलीतल्या निळेपणात हिरवा मिसळतो. पांढऱ्या शेपटीवर तो हिरवा लगेच दिसतो. 'शेड' लावले तर निळा जातो, हिरवा तसाच राहतो, कारण केल्विनची पट्टी फक्त निळा आणि पिवळा यांच्यामध्ये सरकते. हिरव्यासाठी दुसरी पट्टी असते, टिंट नावाची, ती जांभळ्या-गुलाबीकडे ढकलावी लागते. पुरती ढकलू नका. हिरव्या जंगलातला पांढरा पक्षी किंचित हिरवा असतो, तसाच तो आपल्या डोळ्यांनाही दिसलेला असतो. प्रकाश कमी म्हणून येथे आयएसओ 1600 किंवा 3200 वर जाईल, त्याला घाबरण्यात अर्थ नाही. दाणे दिसतात ते मुख्यतः सेन्सरवर प्रकाश कमी पोहोचला म्हणून. आयएसओ 800 वर अंधारा फोटो काढून घरी उजळला, तर दाणे तेवढेच येतात, जुन्या कॅमेऱ्यात जास्तच. पक्षी फांदीवर स्वस्थ बसला असेल तर शटर 1/250 पर्यंत खाली आणा. सेन्सरवर खरा प्रकाश वाढतो तो असा.

आणि काही रंग असे असतात की कोणत्याही सेटिंगला दाद देत नाहीत. खंड्याच्या पाठीवरच्या निळ्यात निळे रंगद्रव्य नसते. पिसांमधल्या केराटिनची रचना स्पंजासारखी सच्छिद्र असते, आणि त्या सूक्ष्म पोकळ्यांतून निळा प्रकाश परत फेकला जातो. नीलपंखाचेही तसेच. हा निळा बऱ्याच कोनांतून दिसतो, म्हणून तो टिपणे त्यातल्या त्यात सोपे. शिंजीराची गोष्ट निराळी. त्याची चमक पिसांतल्या अतिसूक्ष्म थरांवर आणि प्रकाशाच्या कोनावर अवलंबून असते. विणीच्या काळातला जांभळा शिंजीर उन्हातही काळा कोळसा दिसतो. मान थोडी वळली की जांभळा-हिरवा चमकतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा काळा. काळा दिसतो म्हणून एक्स्पोजर वाढवणारा त्या चमकीच्या क्षणी नेमका जळतो. चमकीला धरून एक्स्पोजर ठेवावे, सूर्य पाठीशी घ्यावा आणि त्याने मान वळवण्याची वाट बघावी. सॅच्युरेशन वाढवून ती चमक आणता येत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंतले विजेसारखे निळे नीलपंख बघून नव्या लोकांना आपला कॅमेरा कमी पडतो असे वाटते. कमी पडत नाही. तो नीलपंख तसा नसतोच.

तसा म्हणजे आपल्या डोळ्यांना. पक्ष्यांना आपल्यापेक्षा एक जादा प्रकारच्या रंगपेशी असतात आणि पुष्कळ पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो. कॅमेऱ्याचा सेन्सर आपल्यासाठी बनवलेला, त्यावरच्या गाळणीत अतिनील अडवलेला. तेव्हा खंड्याला खंड्या कसा दिसतो, हे दाखवणारे सेटिंग कोणत्याच मेन्यूत नाही.

राहिली रंगाची जागा, म्हणजे एसआरजीबी की ॲडोब आरजीबी. रॉवर तिचा परिणाम होत नाही. जेपेग काढत असाल आणि फोटो मोबाइलवर बघितला जाणार असेल किंवा कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये छापला जाणार असेल, तर एसआरजीबी. ॲडोब आरजीबीमध्ये रंग जास्त मावतात हे खरे, पण ते न समजणाऱ्या पडद्यावर तोच फोटो फिका दिसतो. ज्यांना ॲडोब आरजीबी लागते, त्यांना का लागते हे ठाऊक असते.

पुढच्या सहलीआधी एक काम मात्र करा. भर उन्हात गच्चीवर पांढरा टर्किश टॉवेल पसरा, त्याच्या सुताचे कंगोरे पिसांच्या जागी चालतात. रॉ लावा, मॅन्युअल लावा, आणि टॉवेलने चौकट भरून घ्या. मीटर शून्य दाखवतो तिथून सुरुवात करून शटर एक तृतीयांश स्टॉपने संथ करत जा, प्रत्येक पायरीला एक फोटो, पार चार स्टॉपपर्यंत. मग संगणकावर ते फोटो उघडून एकेकाचे एक्स्पोजर खाली ओढा आणि सुताचे धागे कोणत्या फोटोपर्यंत परत येतात ते बघा. जळलेला भाग दाखवणारी कॅमेऱ्याची चमकणारी सूचना कोणत्या पायरीला सुरू झाली होती तेही लिहून ठेवा. या दोन पायऱ्यांमधले अंतर म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याकडे असलेली शिल्लक. कुणाची अर्धा स्टॉप भरते, कुणाची एकाच्या वर जाते. तो आकडा कॅमेऱ्याच्या बॅगेत कागदावर लिहून ठेवा. कॅमेरा किंवा पिक्चर स्टाईल बदलली, तर टॉवेल पुन्हा पसरा.